दाना माहा, धांडा तुहा

(पातूरजवळचं एक खेडं. भाऊबीजेची दुपार. तानुबाईचं अंगण, कोपऱ्यात बांधलेली म्हैस. तानुबाईचा धाकटा भाऊ शालिकराम साडीचा डबा घेऊन आला आहे. तानुबाईची मुलगी करिश्मा अमरावतीला नर्सिंग शिकते, ती दिवाळीला घरी आहे.)

शालिकराम: थे सारं ठीक आहे, पन हाताले काय झालं थे सांग ना. एवढी मोठी पट्टी काहून बांधली?

तानुबाई: चुलीनं भाजलं. बस तू. खाटेवर बस, पाट अजून मांडला नाई.

शालिकराम: दरसाली मी येतो तवा पाट मांडलेला राह्यते. रांगोयी काढलेली राह्यते.

तानुबाई: दरसाली तू असा फटफटीवर नाई येत, शालिक. दरसाली मले आंधी बंडीच्या चाकाचा आवाज ये, मंग मी पाट काढो. बैल इकले तवापासून ट्रॉली वाजे. या साली नुसती फटफटीच वाजली. मले वाटलं दुसऱ्याच कोनाच्या घरी कोनी आलं.

करिश्मा: मामा, पाणी घ्या. आणि हाताचं आईला विचारू नका, ती खरं सांगणार नाही.

तानुबाई: करिश्मे, चहा ठेव जा.

करिश्मा: ठेवते. आज दूध भरपूर आहे. उद्यापासून विकतचं.

शालिकराम: इकतचं काहून? म्हैस आटली काय?

तानुबाई: आटली नाई. देऊन टाकली. वाडेगावच्या खुशालरावले. आज नेनार आहे थो. गाडी गल्लीत शिरत नाई म्हून सडकेवर उभी करतो म्हने, तठवर आमी नेऊन द्याची.

शालिकराम: असं कसं देऊन टाकली व? थे आईच्या म्हशीच्या वेताची आहे. आईनं तुले आंदन देल्ली होती, त्या वगारीची वगार आहे थे.

तानुबाई: मले काय सांगतं, मी नाई ओळखत काय तिले? तिले घालू काय थे सांग. तो कोपरा पाह्य. दसऱ्यापासून गंजीची जागा सारवून ठेवली मी. खाली दगडं मांडले, वरून पऱ्हाट्या अंथरल्या, उधई लागू नये म्हून. ढोराले समजते बरं. परवापासून त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून उभी आहे. पानी दाखवलं तरी मान वळवत नाई.

शालिकराम: मी ढेप आनून टाकतो ना. पोतंभर आनतो. आजच आनतो.

तानुबाई: ढेप तोंडी लावाले असते. तू काय शहरातून आला, तुले सांगा लागते? आई काय म्हने, ढेपीनं दूध वाढते, पन म्हैस कडब्याच्या धांड्यावर जगते. आन् थे धांडे निस्ती म्हैसच खाते काय? हे न्हानीची ताटी पाह्य, मांगच्या सालच्या धांड्याची आहे. पावसानं सडून आडवी झाली. मी म्हनलं, थांबा, दिवाईले नवे धांडे आले का नवी बांधतो. तं एवढी मोठी पोरगी दिवाईची आंघोय लुगड्याच्या आडोशानं करून राह्यली. वालाचा वेल जमिनीवर लोळून राह्यला, त्याले चढाले काई नाई. चुलीत जाळ धराले बुडखे नाईत. तुयशीच्या लग्नाच्या मांडवाची खोपडी तं अर्धी गल्ली माह्याच धांड्याची बांधते. शेजारची मनकर्णा येऊन गेली, तिची जाऊ येऊन गेली, तानुबाई आमच्यासाठी सरळ सरळ पाहून ठेवजा म्हने. मी म्हनलं, ठेवतो बाप्पा, भाऊ येऊ दे.

शालिकराम: धांडे कापाले मजूर नाई भेटले, बाई. मक्क्याची कनसं तोडून झाली न् सारे मानसं दिवाईले निंगून गेले, थेट धारनीकडं. इकडं हरभरा पेराचा होता. ओल चालली होती वावरातली. मंग काय करू, पेटवून देल्लं. आजकाल सारेच पेटवून देतात.

तानुबाई: सारेच पेटवतात, हाव. पन साऱ्यायची बहीन गावातच नाई राह्यत. एक हाक मारली असती मले. दरसाली कापते कोन? मी न् तुही पार्बताच कापतो. थे पाह्य, आढ्याले खोचले आहेत विळे, पाजवून आनले मी. करिश्मा बी आली असती. तुह्या हरभऱ्याची ओल जायाच्या आंधी वावर झाडल्यासारखं मोकळं करून देल्लं असतं आमी.

शालिकराम: जाऊ दे ना आता. सनासुदीचं कशाले थे काढतं. झालं थे झालं.

करिश्मा: मामा, एक विचारू? आग लावली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

शालिकराम: मी पातूरले गेल्तो. झेंडू घेऊन. लक्ष्मीपूजनाचा बाजार सोडून कसं जमन?

करिश्मा: म्हणजे तुम्हाला माहीतच नाही. मामींनी काही सांगितलं नाही?

तानुबाई: करिश्मे, चहा उतू जाईन.

करिश्मा: जाऊ दे. मी इथे रांगोळी काढत होते, मामा. आईनं तुमच्या शेताकडे धूर पाहिला. चपला घातल्या नाहीत, दार लोटलं नाही, धावत सुटली. शालिकचं वावर जळालं, शालिकचं वावर जळालं, एवढंच तोंडात. रस्त्यात जो भेटेल त्याला सांगत होती, बादल्या घेऊन या म्हणून. मी पोचले तेव्हा ती आगीत शिरलेली होती. कडुलिंबाची फांदी मोडून घेतली होती आणि झोडपत होती. तिला वाटलं कोणाची तरी बिडी पडली. तुमचं अजून काही कापायचं राहिलं असेल, तुमची मोटार जळेल, तुमचे पाइप जळतील. पदर पेटता पेटता राहिला. मी मागून ओढलं म्हणून.

शालिकराम: तठी पार्बता नोती काय? अंकुर?

करिश्मा: होते ना. धुऱ्यावर उभे होते दोघंही. अंकुरदादाच्या हातात मोबाईल होता, तो व्हिडिओ काढत होता. मामी म्हणाल्या, बाई, राहू द्या, बाहेर या, मुद्दामच लावली आहे.

शालिकराम: मले नाई सांगतलं कोनी.

तानुबाई: कशाले सांगतीन? सांगासारखं काय आहे त्यात. येडी बाई, मानसानं हातानं लावलेल्या आगीत विझवाले शिरली. मंग मी फांदी टाकली न् धुऱ्यावर जाऊन बसली. पार्बतानं हातावर पानी टाकलं. थे बिचारी रडून राह्यली होती, तिले नाव नाई ठेवत मी. अंकुरले इचारलं, बाबू, व्हिडिओ कशाचा काढून राह्यला रे? तं म्हने, आत्या, पुरावा पायजे.

शालिकराम: लेकरू आहे. समजत नाई त्याले.

तानुबाई: त्याले समजते, शालिक. तुले बी समजते. तू झेंडू इकाले गेला खरा, पन झेंडू तं पार्बता बी इकते. तू गेला थे डोयानं पाहू नये म्हून गेला. आता अठी बसून खोटं बोलू नको. पुरावा कशाचा?

शालिकराम: तसं नाई बाई. म्हंजे, मोजनी झाली ना आपल्या वावराची. नवा रस्ता तठून चालला. रंगवलेले खुंट ठोकून गेले थे लोकं. अंकुर अकोल्याले वकिलाच्या हापिसात बसते, त्यानं तठी एक प्रकरन पाह्यलं. एक बहीन दरसाली भावाच्या वावरातून चिंचा झोडून ने. भाऊ म्हने, ने बाप्पा, तुह्याच आहेत. मंग थे वावर रस्त्यात गेलं तवा बहीन मोबदल्यात वाटा मांगाले उभी राह्यली. म्हने माही वहिवाट आहे, सारं गाव साक्षी आहे. भाऊ अजून कोर्टात फिरून राह्यला.

तानुबाई: मंग?

शालिकराम: मंग अंकुर म्हने, बाबा, आत्याची बंडी तं भर दिवसा साऱ्या गावातून वाजत जाते. बारा सालाच्या वर झालं. गावात कोनी असा नाई ज्यानं थे पाह्यलं नाई. म्हने, बंद करा. धांडे उभे ठेवले तं आत्या विळा घेऊन येईन, आन् नको येऊ म्हनाले तुमची जीभ उचलनार नाई. त्याच्यापरीस मुळातच ठेवू नका, जाळल्याचा पुरावा राहू द्या.

तानुबाई: म्हंजे माह्या विळ्याचं भेव वाटलं तुले.

शालिकराम: तुहं नाई. कागदाचं भेव वाटते मानसाले.

तानुबाई: कागदाचं मले नको सांगू, थो तं मीच तुले देल्ला. बाबा गेले त्या साली तू मले अकोल्याले नेलं, हक्क सोडाले. तठच्या सायबानं इचारलं, बाई, सोडून राह्यल्या, तं बदल्यात काय भेटलं? मी म्हनलं, काई नाई, भाऊ आहे ना. थो हासला. सही करून आपन येस्टी स्टँडवर बसलो. तू रडून राह्यला होता. मी काई मांगतलं नोतं. तूच आपल्या तोंडानं म्हनला, बाई, आजपासून दाना माहा, धांडा तुहा. मी जवापर्यंत पेरन तवापर्यंत. आठवते?

शालिकराम: आठवते.

तानुबाई: तवा ज्वारी होती. मंग ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनले धांडा कोठचा? तरी तू लोकाच्या वावरातला कडबा इकत आनून देल्ला, पन माही भाऊबीज सुनी नाई जाऊ देल्ली. मंग मक्का पेरला. लोकं म्हनत, मक्क्याचा धांडा बांबूसारखा, ढोर तोंड लावत नाई. मी कुट्टी केली, मीठपानी शिंपडून खाऊ घातली. नाव नाई ठेवलं कशाले. वरच्या पेंडीले तू एक कनिस तसंच ठेवे, झेंडूचा हार बांधून. बंडी गल्लीनं निंगाली का बाया दारात येत. पाहा व, तानुबाईचं माहेर चाललं, म्हनत. लोकायच्या बहिनीले लुगडं येते, डब्यात झाकून येते. माहं माहेर असं उघड्यावर येत होतं. घरधनी गेल्यावर बी येत होतं. साऱ्या गावानं पाह्यलं पायजे असंच वाटे मले. तुले आता थेच पाह्यन्याचं भेव.

करिश्मा: आई, म्हणूनच म्हणते, वकिलाला आपणही विचारू. मुलीचा हक्क आता बरोबरीचा आहे. तू तेव्हा काय समजून सही केलीस हे तरी कोणीतरी ऐकेल.

तानुबाई: मी सारं समजूनच सही केली. थुकलेलं चाटाचं नाई, बाई. तुह्या हक्काचं तू पाह्यजो, माहं मी देल्लं.

शालिकराम: मी थेच म्हनतो अंकुरले, बाई तशी नाई म्हून.

तानुबाई: कवा म्हनला? काडी लावाच्या आंधी का मांगून?

शालिकराम: बाई, एक काम होतं.

तानुबाई: बोल. डबा पाहूनच मले वाटलं होतं.

शालिकराम: सोमवारी माह्यासंग पातूरले ये. सायबापुढं एवढंच सांगाचं, या वावरात माही काई वहिवाट नाई, मी तठून काई नेत नाई. एवढं झालं का अंकुरचं समाधान होते. मंग पुढच्या सालापासून धांडे तुलेच, पयल्यासारखे. मी सोता ट्रॉली आनून खाली करून देतो. फक्त दिवसा नाई. अंधार पडल्यावर.

तानुबाई: अंधार पडल्यावर.

शालिकराम: म्हंजे कोनी पाहू नये म्हून.

तानुबाई: लहानपनी तू रडे तवा मी धांडा सोलून त्याच्या गाभ्याचे बैल करून देत होती. बंडी, बैल, बंडीवर बसलेला मानूस. तू थे घेऊन दारोदार फिरे. माह्या बाईनं केले म्हने, पाहा. अंधार पडाची वाट नोता पाह्यत. आता म्हनतं, माहेर चोरून आनून टाकतो. चोरीचं माहेर मले नको, बाबू. म्हैस बी नाई राह्यली आता, कोनाले घालू?

शालिकराम: मी काय करू थे सांग. म्हातारपन आलं. सारं पोराच्या हाती गेलं. घरात रोज एकच विषय. पार्बता बोलत नाई माह्याशी, अंकुर बोलत नाई. मी जेवतो न् उठतो.

तानुबाई: समजते मले. येतो मी सोमवारी.

शालिकराम: येशीन?

तानुबाई: येईन. सांगन सायबाले, मी तठून काई नेत नाई. खोटं बी नाई बोला लागनार. नेन्यासारखं तुमी ठेवलंच काय? करिश्मे, पाट मांड. रांगोयीची एक रेघ ओढ.

करिश्मा: हे सगळं ऐकूनही तू मामांना ओवाळणार?

तानुबाई: ओवायनार. धांड्यासाठी ओवायत नोती मी त्याले. ये शालिक, बस पाटावर. टोपी घाल. करिश्मे, ताट एका बाजूनं तू धर, माह्या एका हातानं तोल जाते.

करिश्मा: मी नाही धरणार.

तानुबाई: धर म्हनलं ना. माह्यासाठी धर.

शालिकराम: ताट नवं घेतलं काय? लय चकाकून राह्यलं.

तानुबाई: आईचंच आहे, जुनं. काल तुह्या वावरातून टोपलंभर राख आनली. मक्क्याच्या धांड्याची राख घासाले चांगली, पितय उजळते. म्हनलं, म्हशीच्या नाई तं भांड्याच्या कामी येऊ दे. थे बी सांगून टाकन सोमवारी, सायेब, तानुबाईनं राख नेली. तोंड इकडं कर. कुंकू डाव्या हातानं नाई लावत. पट्टीतून एक बोट मोकळं आहे, त्यानं लावतो. हालू नको.

शालिकराम: बाई, दुखत असन तुले.

तानुबाई: दुखते ना. दुखन नाई तं काय? झालं. ऊठ आता.

शालिकराम: हे घे. पार्बतानं पसंत केली साडी. तुह्या आवडीचा रंग आहे म्हने.

तानुबाई: ताटात ठेवू नको थे.

शालिकराम: ओवायनी आहे व. रिकामं ताट मांगं नेशीन काय? असं कोनी करते?

तानुबाई: राहू दे रिकामं. उद्या अंकुर म्हनन, आत्या दरसाली साडी नेते. पार्बताले सांग, रंग चांगला आहे, तिलेच शोभन.

शालिकराम: बाई, असं नको करू.

तानुबाई: आन् पुढच्या साली तू बी नको येऊ. दरसाली आला तं येन्याची बी वहिवाट होते.

शालिकराम: मी काय परका झालो व तुले?

करिश्मा: आई, सडकेवर हॉर्न वाजतोय. खुशालरावांची गाडी असेल.

तानुबाई: हाव, थेच असन. दोर दे इकडं.

शालिकराम: थांब, मी नेतो तिले सडकेवर. तुहा हात भाजला आहे. एवढं तं करू दे मले.

तानुबाई: राहू दे. परक्या मानसाच्या मांगं चालत नाई थे.